पॉलिशचा वास

पण मला एक सांगा काका, माणूस आत येऊन सगळं ओकून जातो, ते ऐकून सिनेमातला फादर गप्प का बसतो? — दादाला विचारलं, डायरेक्टरला विचारलं, कुणी सांगितलं नाही. तुम्हीही नका सांगू. इतक्या पिक्चरमध्ये फादर झालात, तुम्हाला तरी कुठे डायलॉग असतो — पांढरा झगा घालायचा, मान हलवायची, मेणबत्तीकडे बघायचं. उठू नका ना. जेवणाची सुट्टी आहे अजून, तुम्ही या कबुलीच्या खोक्यात डुलकी काढायला आलात, आणि जाळीच्या पलीकडे मी येऊन बसलो, एवढंच. मला तसंही बाहेर पडता येत नाही — दार ओढून घेतलं, बाहेरचा खटका बसला आणि आतून उघडायला कडीच नाही. दादाने लावलीच नव्हती. कॅमेरा बाहेर उभा राहणार, आतली कडी कुणाला दिसणार?

ओळखलंत ना? बाळा. सुबोध सुताराचा धाकटा भाऊ. हो, तोच माझा दादा, जो इथे पडून गेला. सतरा दिवस झाले.

हा खोका त्यानेच बनवला. प्लायचा आहे, पण दिसतो कसा — शंभर वर्षांचा सागवान. आधी आम्ही दोघं मरोळच्या एका चर्चमध्ये माप घ्यायला गेलो, तर तिथे खोकाच नाही — कोपऱ्यात दोन खुर्च्या, मध्ये पडदा, बस. तिथल्या म्हाताऱ्या फादरनी चहा पाजला, आणि दादाला म्हणाले की सांगणं सोपं आहे, खरं काम इथून उठल्यावर असतं, ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे जावं लागतं. दादाने येऊन डायरेक्टरला तसंच सांगितलं, दोन खुर्च्या. तो हसला. म्हणे खुर्च्यांवर पब्लिकचा विश्वास बसत नाही. पब्लिकला खोका लागतो, जाळी लागते, जाळीतून तोंडावर पट्ट्यापट्ट्यांचा उजेड लागतो. माणूस बोलतो, घंटा वाजते, पुढच्या सीनमध्ये मोकळा — मला तेच आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळपासून दादा याला पॉलिश मारत होता. चपडा लाख आणि दारूसारखं वासाचं स्पिरिट, कापसाच्या बोळ्याने — बाहेरून, आणि आतूनसुद्धा. मी म्हटलं, आतून कोण बघणार आहे? तर म्हणाला, बसणाऱ्याच्या कपड्यांना कुसळं लागतील रे. असा होता. मग क्रूस टांगायला दादा परांचीवर चढला. आता समोर दिसतोय तो क्रूस नव्हे, हा नवा आहे. थर्माकोलचाच तो पण, एका हातात उचलायचा. बांबू सरकला. सरकतात बांबू. त्यात कुणाची चूक नसते.

धावत आलेल्यात ठेकेदार होता. त्याने वाकून वास घेतला आणि म्हणाला, हा टाकून चढला होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या युनिटला पक्कं माहीत, आणि तेराव्यापर्यंत आमच्या दिंडोशीच्या अख्ख्या चाळीला. जेवायला आलेले लोक क्षमावहिनीकडे बघून कुजबुजत होते. दादा, काका — ज्याला साध्या सोड्याने ठसका लागायचा.

माझ्या हातांनाही तोच वास होता. सकाळी स्पिरिट मीच गाळून दिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला — अहो, पॉलिश आहे ते. एक वाक्य. नाही बोललो. का? — प्यायला नव्हता म्हटलं की मग पडला कसा, आणि पडला कसा म्हटलं की परांची कुणी बांधली — जाळीतून असे बघू नका. मी बांधली. दोन वेढे मारले, तिसरा राहिला, मोबाईलवर मॅचची शेवटची ओव्हर चालू होती. चढायच्या आधी त्याने विचारलं, 'बाळा, गाठ बघितलीस?' मी मान वर न करता म्हटलं, हो. — आणि तो चढला. माझ्या 'हो'वर चढला तो.

आई रोज विचारते. सकाळी चहाचा कप पुढे करते आणि हळूच विचारते, 'झिला, खरा सांग. तो पियाललो?' मी चहा पितो. वहिनी विचारत पण नाही — तिने त्याचा कामाचा शर्ट तीनदा धुतला. घरात एकच खोली, काका. कुठे तोंड लपवू? कामावर आलो तर इथे हा खोका उभा.

म्हटलं, तुम्हाला सांगावं, मोकळा होईन. सांगितलं ना आता सगळं? मग अजून छातीवर फळी ठोकल्यासारखं का होतंय? तुम्ही खरे फादर नाही म्हणून? — नाही, तसं नाही ते. तुम्ही माझे कोण लागता, तुमचं मी काय वाईट केलंय?

थांबा. नका उठू. तुम्ही समोर असलात तर मी फोन खाली ठेवणार नाही. रिंग जातेय. — आई? जेवलीस? — नाही, काही झालं नाही, मी ठीक आहे. वहिनीला जवळ बोलाव. फोन दोघींच्या मध्ये धर. धरलास? — आई, दादाच्या अंगाला वास होता तो पॉलिशचा होता. तो प्यायला नव्हता. चाळीत सगळ्यांना सांग, मी सांगितलं म्हणून सांग. आणि परांचीची गाठ माझी होती. त्याने मला विचारलं होतं. मी न बघता हो म्हटलं.

— आई?

— निघतोच मी, आई.

जा काका तुम्ही. लाईट लागले तुमचे. जाताना माझ्या बाजूचं दार तेवढं बाहेरून उघडा, मला घरी जायचंय.