गोझोचे पंधरा दिवस

— नाही, नाही, बस तू, उभा कशाला राहतोस, पासपोर्ट माझ्याच तिजोरीत आहे, तो कुठं पळून जात नाही — तर काय म्हणत होतास, गोझो? हे गोझो म्हणजे नेमकं काय रे बाबा? माल्टाच्या शेजारचं बेट. बरं. केवढं? एवढंसं. या अरबी वाळवंटातल्या आपल्या यान्बूच्या रिफायनरीला कुंपणाकुंपणानं फेरी मारलीस तरी पाय जास्त दुखतील. आणि आहे काय तिथं? दगड, वारा, बकऱ्या आणि चर्च. मी विचारलं होतं ना त्या तुझ्या माल्टीज फोरमनला — लढाईच्या भीतीनं पळाला तो, पासपोर्ट घ्यायला याच खुर्चीत बसला होता — तोच म्हणाला, थंडीत तिथं कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. आणि तुला म्हणाला, माझं घर रिकामंच आहे, बायकोला बोलावून घे, राहा पंधरा दिवस. तो म्हणाला आणि तू लगेच शीलाला कळवलंस!

गुहागरच्या माणसानं समुद्र बघायला माल्टाला जायचं! मी दाभोळचा, तू गुहागरचा, मध्ये एक खाडी — पाणी आपल्याला कोणी दाखवायला नको. हां, हां, माहीत आहे, समुद्रासाठी नाही. लग्नाला पाच वर्षं, दर सुट्टीला दोन खोल्यांत नऊ माणसं, मध्ये साडीचा पडदा, पलीकडे सासरे खोकतायत — ‘तुमच्याबरोबर एकदा मोठ्यानं हसायचंय मला’ — काय? मला कसं ठाऊक? अरे, पाकिटाचा डिंक सुटला होता. पोस्टबॉक्स कंपनीचा, पत्रं मी आणतो, उन्हानं डिंक सुटतो. असा बघू नकोस माझ्याकडं. लढाईच्या धास्तीनं हल्ली दहा जण पत्रं फोडून वाचत असतील, त्यात मी एक. अक्षर मात्र छान आहे हो तुझ्या बायकोचं. माझ्या नावानं कुणाचं पत्र येत नाही, तेवढाच विरंगुळा.

तर मुद्द्यावर ये. साहेबानं परवा काय सांगितलं? पंधरा जानेवारीला मुदत संपते, लढाई पेटली तर काय होईल अल्लाला ठाऊक, माणसं कमी करा, चाळीस जणांची यादी द्या. यादी कोण करतं? हा ताजुद्दीन करतो, मी. साधी गोष्ट आहे — जो सरळ मुंबईला जाऊन वीस दिवसांत परत येतो, त्याला एक्झिट-रीएंट्री, म्हणजे जाऊन परत यायचा परवाना. जो वाटेत बेटं बघत हिंडतो, त्याला फायनल एक्झिट — सामान बांधायचं आणि पुन्हा इथं तोंड दाखवायचं नाही. साहेब असं बोलला का? नाही, बेटांचं मी घातलं. माझा पुतण्या आहे, राहील नावाचा, डिप्लोमा झालाय, दाभोळला पंख्याखाली बसून आहे, त्याला ड्राफ्ट्समनची जागा हवीय. लपवतोय कुठं तुझ्यापासून? हे बघ, दोन कागद. यावर सही केलीस तर गोझो खलास, नोकरी शाबूत, गुहागरच्या घरावर मजला चढेल, वेगळी खोली होईल — मग हसा म्हणावं पाहिजे तेवढं. त्यावर केलीस तर पंधरा दिवस वारा आणि बकऱ्या, आणि सोळाव्या दिवशी बेकार. एवढ्याशा बेटासाठी? तूच सांग, लायकी आहे का त्याची?

मलाही विचारलं होतं रे असंच. चौऱ्याऐंशी साल, हीच खोली, इथं तेव्हा हैदराबादचा क्लार्क होता. माझ्या बायकोला, हाजराला, रक्ताच्या उलट्या, घरून तारेवर तार, आणि इकडं प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम — सुट्टी नाही, जायचं तर कायमचं जा. मी काय केलं? शहाणा माणूस करतो तेच केलं, राहिलो. अकरा दिवस वाट बघितली म्हणे तिनं. खाट दाराकडे तोंड करून घालायला लावली होती — जाऊ दे, ते कशाला आत्ता. सांगायचं काय, की मी चुकलो नाही. ही खुर्ची मिळाली, दोन मुलींची लग्नं झाली. आणि सहा वर्षं या खुर्चीत बसून बघतोय ना, सगळे तेच करतात — दत्तारामनं केलं, नसरुद्दीननं केलं, बायकोचं नाव घेऊन रडतात आणि रीएंट्रीवर सही करतात — एक माणूस दाखव मला ज्यानं — अरे. अरे, थांब. विनय, तो कागद नाही, तो दुसरा —

केलीस? फायनल एक्झिटवर? वाचून केलीस? हसतोयस काय? बस ना जरा, नीट विचार कर, चहा मागवतो — नको? बरं. नको तर नको. हा शिक्का. मारला. झालं तुझं.

आता हे घे. तार आहे, तुझीच. मंगळवारी आलीय. कोणाची म्हणजे? शीलाची. वाच की, चारच तर शब्द आहेत. व्हिसा नाकारला, येत नाही. — ओरडू नकोस, बाहेर माणसं बसलीत. आधी का नाही दिली? दिली असती. रीएंट्रीवर सही केली असतीस तर त्याच क्षणी दिली असती, वर पाठ थोपटली असती. मला बघायचं होतं, तू काय करतोस ते. मी नव्हतो गेलो. ती तिकडं खाट दाराकडे करून — मी नव्हतो गेलो, आणि तू कोण लागून गेलास रे, पेन उचलतोस आणि हसत हसत सही करतोस? नाही, कागद परत मिळणार नाही. हात काढ त्यावरून. काढ म्हणतो ना.

यल्ला, ऊठ. बाहेर जगदीश बसलाय, त्याला आत पाठव.