सुकटीवर आलेला आळ

पनवेल स्टँडवर आपटा गावाला जाणाऱ्या एसटीची रांग होती. माझ्या पुढे एकमेकींच्या शेजारणी वाटणाऱ्या दोघी उभ्या होत्या. नावं मला विचारावी लागली नाहीत.

“मनस्वी, आज रजा टाकून सासरी?”

“सासूबाईंना आणायला चाललेय, हेतल.”

“मे महिन्यात तूच तर पाठवलंस त्यांना!”

“पाठवलं नाही गं. एवढंच म्हटलं, आई, एसी लावला की कुबट वास येतो, तुमच्या सुकटीच्या डब्याचा असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.”

“म्हणजे पाठवलंसच की!”

“डबा गेला, त्या गेल्या, वास तसाच. चार महिने कपाटं पुसतेय मी. परवा ओवेस मेकॅनिकनं एसी उघडला, तर आत काळी बुरशी. म्हणाला, ‘भाभी, दोन वर्षं कुणी साफच केला नाही का?’”

“मग आईंना फोन करायचास.”

“केला ना. म्हटलं, चूक माझी, वास एसीचा होता, आता साफ करून घेतलाय, तुम्ही या.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘माज्यासाठी कशाला खर्च केलास, पोरी? सुकट तं मी तवाच सोडली हाय.’”