डोहावर न आलेली म्हैस

सिरसाळ्याहून निघालेल्या परळीच्या एसटीत रूपालीला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. पण पुढच्या सीटवरचे दोघे शेतशेजारी एकमेकांकडे न बघताच बोलत होते.

“समाधान, फवारणीचा पंप कुठं धुतलास?”

“घरी, हौदावर. कावून, तात्या?”

“आज सकाळी ओढ्याच्या डोहात मासे उलटे तरंगत होते. खेकडे काठावर येऊन मेलेत.”

“ऊन लई हाय. पाणी तापलं आसंल.”

“दोन दिस झाले, आभाळ हाय.”

“मंग वरल्या शिवारातून वाहून आलं आसंल. कापूस काय मी एकट्यानंच फवारलाय का?”

“न्हाई बाबा. तुजी म्हैस रोज डोहात डुंबायची. परवापासून दिसली न्हाई.”

“दावणीलाच हाय.”

“आन पाणी?”

“बोअरचं पाजतो.”

“कावून?”

समाधाननं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. रूपालीला वाटलं, हा आता मधल्याच थांब्यावर उतरतो.

“तिचं दूध घरात लेकरं पितेत, तात्या.”

“काल माज्या शेळ्या डोहावर पाण्याला चालल्या होत्या. तू बांधावर हुबा होतास, समाधान. मला रामराम घातलास.”