दहा वॅट, फक्त दहा वॅट

...हसा, हसून घ्या, पण तुम्हाला सांगतो, आमचा जिना चढताना माझी मान अजून वर होत नाही हो! अहो, आमच्या बैरूतमध्ये सरकारी वीज म्हणजे पाहुणी, येईल तेव्हा खरी. बाकी सगळं गल्लीतल्या जनरेटरवर. माझ्या नि शेजारच्या उम्म नसरींच्या, दोन घरांत मिळून पाच अँपिअर! मग काँप्युटरच्या दुकानात मी विकणार काय? तळहाताएवढा डबा, आत कमी वीज खाणारा प्रोसेसर. येईल त्याला सांगायचो, 'पत्र लिहायचं, पोराशी बोलायचं, त्याला हत्ती कशाला पाळायचा? दहा वॅट, फक्त दहा वॅट!' उम्म नसरींनीही घेतला. उम्म नसरी म्हणजे नसरीची आई; हा त्यांचा एकुलता एक मुलगा ब्राझीलला. संध्याकाळी सहाला पडद्यावर त्याचं तोंड दिसतं, त्यावर बाईंचा दिवस निघतो.

आणि माझ्या घरी? कपाटाआड दडवलेला हत्ती! भलाथोरला प्रोसेसर, चार पंखे, हजार वॅट गिळणारा... कशाला? तर फुटबॉलचा गेम खेळायला! वय वर्षं बावन्न! सहाला मी बसलो की, टप्प... मेन स्विच पडला. दोन्ही घरं गार.

माणसानं कबूल करावं की नाही? छे, मी उलट त्यांच्याच दारात! 'तुमची किटली असणार हो. आपला डबा तर दहा वॅट, फक्त दहा वॅट!' बरं बाबा, म्हणाल्या. किटली बंद. दुसऱ्या दिवशी टप्प... मी म्हटलं, इस्त्री. इस्त्री बंद. तिसऱ्या दिवशी बाईंनी फ्रिजचीच पिन काढली! आठवडाभर तिकडे दूध नासतंय, नसरी अर्ध्या वाक्यात गायब होतोय, आणि मी... मी पेनल्टी मारतोय. थू माझ्या जिंदगानीवर!

शेवटी जनरेटरवाला मुनीर मीटर घेऊन आला. सगळा जिना गोळा. माझ्या वायरला मीटर लावला नि नाकातून म्हणतो कसा, 'उस्ताद, तुमच्या घरात लग्न आहे काय?' तेवढ्यात उम्म नसरी पुढे झाल्या. "माझी इस्त्री आहे ती. माझ्याकडचं बटण बिघडलंय, म्हणून त्याच्याकडे लावली." संपलं! लोक पांगले, मी तिथेच.

मग गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, किटली नाही, इस्त्री नाही, मीच तो.

"ठाऊक आहे रे," कॉफी ओतत म्हणाल्या. "भिंत अशी किती जाड आहे? तू 'अडव, अडव' म्हणून ओरडायचास, मग दिवे जायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं दुकान त्या दहा वॅटवर चालतं. मी तोंड उघडलं असतं, तर तुझ्याकडे आलं असतं कोण?"

वर कप पुढे सरकवून बाई विचारतात, "माझ्या पोराचं तोंड गेलं ते गेलं. निदान जिंकलास का रे कधी?"

आता काय सांगणार... स्विच पडायच्या आधीच चार गोल खाल्लेले असायचे हो!