आरशाला बांधलेला नारळ

…अन् वरून मलाच बोलतात, पंचफुलाबाईनं घोळ केला म्हणून! मी आपलं चांगल्यासाठीच केलं, हाव का न्हाई?

तुम्हाला सांगते, उदगिरात आमच्या शेजारी विरूपाक्षअप्पा, आडतवाले. त्यांची शिवानी इंजिनिअर. पोरीनं गच्चीवर उन्हाचा आरसा उभा केला. आरसा कसला, बांबूच्या कामट्यांची ही एवढी परात अन् आतून चंदेरी कागद! ऊन गोळा करायचं, समोरच्या काळ्या डब्यावर पाडायचं, डब्यातल्या पाण्याची वाफ, वाफेवर पंखा, पंख्यावर बल्ब. म्हटलं, "अगं, काच लाव की!" तर म्हणे, "काकू, काच महाग अन् जड. हा एका हातानं उचलतो." हलका म्हणजे किती… मी नुसती शिंकले तर डुलायला लागला!

त्या दिवशी लातूरहून सरकारी साहेब आरसा बघायला येणार. पसंत पडला तर उमरीच्या शाळेवर असे आरसे बसणार, न्हाई तर अप्पांचा हुकूम, "सगळं भंगारात!" पोरीचं तोंड सुकलेलं. मला राहवतंय का? इतकी चकचकीत वस्तू, अख्खी गल्ली टकमक बघून राहिली, नजर लागणार न्हाई? ती साहेबाला घ्यायला खाली, मी वर. कडेला विभूतीची तीन बोटं ओढली, लाल फडक्यात नारळ गुंडाळला, दिला वरच्या कामटीला बांधून. चांगल्यासाठीच, हाव का न्हाई?

साहेब आले, घामाघूम. मीच आमच्या यांची काळी छत्री दिली, माझ्या माहेरची! छत्री उघडून साहेब उभे डब्याला खेटून. बघतात, बघतात… पाणी गार! शिवानी रडकुंडीला. अप्पा खाकरले, "मी म्हटलं नव्हतं?" तेवढ्यात साहेब नाक वर करून हुंगतात, "कुणाची भाजी करपली का हो?"

अहो कसली भाजी! छत्री! नारळाच्या वजनानं परात वाकली, अन् सगळं ऊन डब्यावरून सरकून छत्रीवर!

"काकूऽऽ! नारळ काढा!"

काढला. डबा सूं सूं करायला लागला अन् लागला की हो बल्ब! साहेब धूर निघणारी, भोक पडलेली छत्री धरून हसतात, "पसंत! पण बांबू पक्के करा ताई. उमरीतबी एक काकू असेलच."

आता आमचे हे तीच भोकाची छत्री घेऊन बाजारात हिंडतात. ऊन नेमकं टकलावर, टक्कल असं चमकतंय… काल शिवानी कठड्यावरून निरखून बघते अन् म्हणते, "काकू, काकांना जरा गच्चीवर पाठवता? याच्याहून स्वस्त आरसा न्हाई मिळायचा."

म्हटलं, ने बाई… पण नारळ मी बांधणार!