मयुरीचा गुडघा

मयुरी : पाय इकडे करा आई, टाचेले तेल लावते. किती भेगा पडल्या पाहा. मी सांगून राह्यली न, माझा गुडघा बरा झाला. आता घाला चपला.

गोदाबाई : अशी कशी घालीन? मंगळवारी किरनापूरच्या देवीकडे जाऊ, नारळ फोडू. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच आपल्या तोंडानं तिले सांगा लागते, बाई, मी बरी झाली. मंग चपला.

वीरेंद्र : आई, एवढं लफडं कायले? सून बोल रही है न, ठीक हो गया. देवीले घरूनच हात जोड.

गोदाबाई : तू गप राह्य. लहानपनी तुहा ताप उतरला तवा तुलेबी उभा केलता तिथं. एका हातानं चड्डी धरून बोलला होतास.

वीरेंद्र : हौ, याद है. अजून हसतेत लोक.

गोदाबाई : काहून गं, येशीन न मंगळवारी?

मयुरी : जबलपूरहून आल्यावर पाहू.

गोदाबाई : टरेनिंग तं उद्याच्या दिवसाचीच हाय म्हने.

वीरेंद्र : हौ हौ, एकच दिवस. रात तक वापस.

मयुरी : आई, माझ्या गुडघ्यासाठी तुमी चपला सोडाची काय गरज होती? मले विचारलंही नाही.

गोदाबाई : नवस का विचारून बोलतेत? अन् कोन्या तोंडानं विचारू? तू नवी नवरी होती तवा घरात नळ नव्हता. हापशीवरून पान्याचे गुंड-हंडे भरून जिना चढाले लावलं मी तुले. तुहा सासरा म्हने, पान्याले बाई लावू. मीच म्हनली, सून कायले आनली मंग? तुहा गुडघा मीच घालवला. तू बोलली नाही कधी, पन मले समजते.

मयुरी : असं नका बोलू आई.

गोदाबाई : खरं हाय ते. सकाळी तू लंगडत पायरी उतरे, ते पाहूनच नवस बोलली मी.

वीरेंद्र : मयुरी, जाने दे. सुबह निकलना है तुझे.

मयुरी : नाही हो. आता नाही. आई, माझा गुडघा कधी दुखलाच नाही.

(गोदाबाई पाय ओढून घेतात.)

गोदाबाई : मंग रोज सकाळी पान्यात चालाले जात होती ते? डाक्टरनं सांगतलं म्हने तुले.

मयुरी : चालत नव्हती. पोहत होती. उद्या ट्रेनिंग नाही, शर्यत आहे. पस्तिशीच्या वरच्या बायांची. कॉलेजात होती तेव्हा राज्याच्या शर्यतीपर्यंत गेलती मी. लग्नानंतर एकदाही पाण्यात उतरली नाही. या वर्षी राहवलं नाही.

गोदाबाई : याले मालूम होतं?

वीरेंद्र : होतं. गुडघ्याचं मीच सुचवलं. मेरेको क्या पता, तू चप्पल छोड देगी.

गोदाबाई : अन् पाहत राह्यले दोघंही. भर उन्हात भाजीबाजारातून येत होती मी, डांबर चिकटे तळपायाले.

मयुरी : हौ. रोज वाटे, आज सांगू. मग वाटे, शर्यत होऊन जाऊ दे. तुमचे पाय पाहून घरून निघे अन् पाण्यात उतरली का विसरून जाय. बिलकुल विसरून जाय, आई. तेच खाते मले.

गोदाबाई : पन खोटं काहून? पोहाले जातो म्हनली असती तं मी काय खाल्लं असतं तुले?

मयुरी : लग्न झालं त्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. तुमी म्हनलं, या घरची सून चार लोकांसमोर पोहत नाही.

गोदाबाई : मी?

मयुरी : तुमीच. तांदूळ निवडत होत्या.

गोदाबाई : मले तं यादही नाही.

मयुरी : मले आहे.

गोदाबाई : म्हनली असन. तवा तोंडाले येईन ते बोलत होती मी. पन पुन्हा काहून नाही विचारलं?

मयुरी : नाही विचारलं. हिंमतच नाही झाली. उद्या नाही जात मी. फोन करून नाव काढाले सांगते.

वीरेंद्र : अरे, ऐसा मत कर.

गोदाबाई : बराबर बोलला तो. एवढं खोटं बोलून, माह्या पायाच्या चिंध्या करून आता घरी बसशीन? मले राग आला हाय, तो राहीन काही दिवस. पन तू जाजो. सकाळची गाडी चुकवू नको.

मयुरी : अन् मंगळवारी? देवीले काय सांगू?

गोदाबाई : मले सांगतलं तेच. तुह्यं झालं का बाजूले होजो. मी तुले काय बोलली होती, ते मलेबी तिले सांगाचं हाय.