दोन-दोन प्रती

हॅलो?… हळू बोल. फोनच्या घरघरीने बशीतला चमचा वाजला नि आत ही पोरगी चुळबुळली… नाही गं, लिहायलाच बसले होते. ती झोपली की तेवढाच काय तो वेळ… हो, तिसरं प्रकरण. पण आधी सांग, आपल्या सांडपाण्याच्या पुस्तकातले संदर्भ कुठे गेले? जिथे जिथे लेखकाचं नाव हवं, तिथे कंसात प्रश्नचिन्ह बसलंय.

…काय केलंस?

संदर्भांचं सॉफ्टवेअरच बदललंस. बरं. मला कधी सांगणार होतीस, पुस्तक छापून आल्यावर?… हो, हो, असेल छान… असेल फुकट… अगं ऐक ना. अर्धा स्वेटर विणून झाल्यावर सुया बदलतं का कुणी? त्याही दुसरीच्या हातातल्या?

हं… प्रश्नचिन्हं काढून देशील? दे, उपकार होतील. पण यादीत निम्मेच लेख का दिसतायत?… दोन-दोन होते म्हणून?

थांब. काढून टाकलेस?

…पसारा नव्हता तो. मुद्दाम ठेवले होते. एक प्रत कोरी, तुझ्यासाठी. दुसरी माझ्या टिपणांची… नाही सांगितलं, कबूल. तुला केर काढायची हुक्की येईल हे मला काय ठाऊक? स्वतःच्या टेबलावर चहाच्या कपांचे डाग वर्षानुवर्षं सांभाळतेस…

मग जुन्या खात्यात बघ… बंद केलंस. आणि बॅकअप?… आवरून झाल्यावर घेतलास. वा. तिजोरी रिकामी करायची नि वर कुलूप घालायचं.

…लेख काय, पुन्हा वाचीन मी. गटारांचे उतार कुठे पळून जात नाहीत. त्यासाठी नाही चिडले… मग कशासाठी म्हणजे?

अगं, ही मांडीवर असायची. एक हात हिच्या मानेखाली, दुसऱ्या हाताने टिपण. वही कुठून आणू तेव्हा? संगणकावर त्या लेखाचीच खिडकी समोर उघडी, तिथेच लिहायचे. वर नळांची जाडी, खाली 'आज पडदा धरून उभी राहिली'. पाण्याला तर ती भलतंच काहीतरी म्हणायची. दुसऱ्या कुणाला कळायचंच नाही, मलाच कळायचं. तो शब्द सांडपाण्याच्या लेखाखाली लिहून ठेवला होता…

आठवत नाही ना. तेच तर सांगतेय. लिहिलाय म्हटल्यावर डोक्यात कशाला ठेवीन?

…आता तू रडू नकोस. चिडायचं मी, रडायचं तू, नि समजूतही मीच काढायची?… हो, विचार त्या जुन्या कंपनीला. आजच विचार. 'बघते' नको, विचार.

एक मिनिट… उठली वाटतं. दारातच उभी आहे, कधीची कोण जाणे. ये गं, ये. मावशी आहे फोनवर… पाणी हवंय? हे घे, दोन्ही हातांनी धर…

काय म्हणालीस?

…नाही, तुला नाही. ही विचारतेय… विचारतेय, 'मी लहान असताना पाण्याला काय म्हणायचे?'

…ठेवते गं.